अंदमानच्या सहलीतून बाराटांग वगळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला अंदमानवरचा लेख वाचला. 'चुकवू नयेत अशी ठिकाणं' म्हणून त्यात दिलेली यादी सहल कंपनीच्या पत्रकातून जशीच्या तशी उचलल्यासारखी वाटली. दिवाळी झाली की आपल्याकडून अंदमानला जाणाऱ्यांची रीघ लागते. सावरकरांमुळे मराठी माणसाला आयुष्यात एकदा तरी तिथं जायचंच असतं. तेव्हा तिथं जाऊन काय खुशाल चुकवावं, हेही कोणीतरी लिहायला हवं. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. उभी नोकरी फेऱ्यांच्या वेळा लावण्यात गेली, त्यामुळे सहलीचं पत्रक हातात पडलं की फोटो बघायच्या आधी मी गाडीतले तास मोजतो.

या हिशेबात पहिला बाद होतो तो बाराटांग बेटाचा दिवस. पोर्ट ब्लेअरहून (2024 पासून त्याचं नाव श्री विजयपुरम) पहाटे तीन-साडेतीनला गाडी निघते. जिरकाटांगच्या नाक्यावर पोचलं की थांबायचं, कारण पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो आणि तिथं गाड्या सुट्या सोडत नाहीत. ठरल्या वेळी, पुढे-मागे बंदोबस्त ठेवून ताफा सोडतात. पहिला ताफा सहाच्या सुमाराचा. तोवर अंधारात टपरीवर इडली-वडा खायचा, फॉर्म भरलेत का ते पुन्हा विचारायचं आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत उभं राहायचं. ताफा सुटला की चाळीसच्या वर वेग नाही, ओव्हरटेक नाही, मध्ये थांबणं नाही. असे पन्नासेक किलोमीटर काढल्यावर मिडल स्ट्रेटची खाडी लागते. तिथं बार्जमधून पलीकडे, मग स्पीडबोट. ही बोट शेवटी शेवटी खारफुटीच्या अगदी अरुंद वाटेनं जाते, दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर येतात. दिवसभरातलं खरं बघण्यासारखं तेवढंच. त्यानंतर घामाच्या धारांत दीडेक किलोमीटर चाल, आणि एकदाची चुनखडीची गुहा येते.

गुहेत गाइड बॅटरी मारून 'ये देखो गणपती, ये देखो कमल' असं दाखवत जातो. मान वर करून गणपतीची सोंड शोधेपर्यंत मागची तुकडी येऊन ढकलते. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. चिखलाचा ज्वालामुखी म्हणून जे पत्रकात ठळक छापतात, ते मी गेलो तेव्हा कुंपणातलं ओल्या चिखलाचं थारोळं होतं. मधूनच एक बुडबुडा येई. एक मोठा बुडबुडा आला तेव्हा आमच्यातल्या सांगलीच्या काकांनी टाळी वाजवली. सौ. म्हणाल्या, "अहो, ह्यापेक्षा आपल्या कऱ्हाडच्या आगाशिवची लेणी चढलो असतो तर घाम तरी कारणी लागला असता." मग तीच चाल, तीच बोट, तोच बार्ज, तोच ताफा. एसटीच्या भाषेत सांगायचं तर दिवसभर डेड किलोमीटर, म्हणजे गाडीची रिकामी धाव.

नुसता वेळ वाया जातो, एवढ्यासाठी मी आपली जागा अडवली नसती. पण या दिवसाचं आकर्षण गुहा नाहीच, हे गाडीत बसल्या बसल्या कळतं. निघाल्यापासून कुजबुज एकच असते, 'दिसतील का?' आमच्या सहलीच्या पत्रकात 'जारवा वस्तीच्या जंगलातून थरारक प्रवास' अशी ओळ होती. ती कशासाठी घातली होती, हे शेंबडं पोरही सांगेल. वाटेत एका वळणावर रस्त्याकडेला दोन मुलं उभी होती. गाडीतली अर्धी माणसं त्या बाजूला झुकली, कोणीतरी मोबाइल काढला, एका बाईंनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला. आमच्या चालकानं मागं न बघता असा काही आवाज टाकला की मोबाइल आणि पुडा दोन्ही जागच्या जागी गेले. त्या चालकाला माझा सलाम. रोज तोच रस्ता, रोज तीच माणसं, आणि रोज तेच ओरडणं.

जारवा उरलेत जेमतेम काही शे. बाहेरच्या माणसांशी मोकळेपणानं संबंध येऊ लागले ते गेल्या शतकाच्या अगदी अखेरीस, आणि लगोलग 1999 साली त्यांच्यात गोवराची साथ पसरली. आपल्याला किरकोळ वाटणारा आजार त्यांच्या जिवावर बेततो. त्यांचे फोटो काढणं, त्यांना खायला देणं कायद्यानं गुन्हा आहे. तशा पाट्या नाक्यावर लावल्या आहेत. 2002 साली सर्वोच्च न्यायालयानं राखीव जंगलातला हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं. रस्ता आजही चालूच आहे. 2012 साली पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गाजली, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनीही संताप व्यक्त केला होता. उत्तरेकडच्या गावांतल्या लोकांना त्या रस्त्यानं दवाखान्याला, बाजाराला जावं लागतं, त्यांचं मी समजू शकतो. बुडबुडे बघायला कऱ्हाडहून जाणाऱ्यांचं तिथं काहीही काम नाही.

दुसरा नंबर नॉर्थ बेचा. 'नॉर्थ बे आयलंड' म्हणून तिकीट फाडतात, पण ते बेटच नाही, दक्षिण अंदमानचाच किनारा आहे. जुन्या तांबूस वीसच्या नोटेमागचं चित्र इथलं, असं सांगून हातात नोट धरून फोटो काढायला लावतात. नोटेवरचं ते दृश्य समोरच्या माउंट हॅरिएटच्या डोंगरावरून दिसतं. नॉर्थ बेवर उभं राहून ते कसं दिसणार? (नव्या नोटेवर वेरूळ आहे, हे सांगितल्यावर फोटोवाला माझ्यावर चिडला.) बोट लागताच सी-वॉक, काचेच्या तळाची बोट, जेट स्की यांचे दलाल अंगावर येतात. सी-वॉकमध्ये डोक्यावर जड हेल्मेट चढवून समुद्राच्या तळाशी रेलिंग धरून उभं करतात, खाणं टाकून मासे गोळा करतात आणि फोटो काढतात. काचेच्या बोटीत ओरखडे पडलेल्या काचेखाली राखाडी दगड दिसत राहतात. ते दगड म्हणजे मेलेलं प्रवाळ. 2010 च्या उन्हाळ्यात पाणी तापून अंदमानातलं पुष्कळ प्रवाळ पांढरं पडलं आणि त्यातलं बरंच मेलं. ही गोष्ट तिकीटखिडकीवर कोणी सांगत नाही. जिवंत प्रवाळ बघायची हौस असेल तर वंडूरहून जॉली बॉयला जा. वनखात्याचा परवाना लागतो, प्लॅस्टिकच्या बाटल्या नेऊ देत नाहीत, बेट काही महिनेच खुलं असतं. पण पाण्यात काहीतरी दिसतं.

हॅवलॉक बेटावरच्या एलिफंट बीचबद्दल थोडक्यात: हत्ती नाही. पोहणारा हत्ती म्हणून गाजलेला राजन 2016 सालीच गेला. पॅकेजमधलं 'मोफत स्नॉर्केलिंग' म्हणजे ट्यूबला धरून काठाजवळच एक चक्कर. पुढं जायचं तर पैसे मोजा.

तिथलाच राधानगरचा किनारा मात्र सोडू नका, फक्त वेळ सांभाळा. अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला आहे, घड्याळ मात्र आपलंच. कऱ्हाडच्या मानानं तिथं सूर्य सव्वा तास आधी येतो. डिसेंबरात पाचला बुडतोसुद्धा. जेवणं, वामकुक्षी, चहा उरकून 'चला, सूर्यास्त बघायला' म्हणून साडेचारला गाडी काढणाऱ्या टूर मॅनेजरला माझ्या आगारात मी एक दिवस ठेवला नसता.

आणि हे सगळं करून सेल्युलर जेलच्या वाट्याला काय येतं? संध्याकाळी धावतपळत अर्धा तास, मग प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसून ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. ज्याच्यासाठी घरून निघालो, त्यालाच वेळ नाही! जेल दिवसा बघायला हवं. सातांपैकी तीनच बाजू आता उभ्या आहेत. बाकीच्यांच्या जागेत आज सरकारी इस्पितळ आहे. मधल्या मनोऱ्यात संगमरवरावर राजबंद्यांची नावं प्रांतवार कोरली आहेत, ती सावकाश वाचा. सावरकर तिथं 1911 साली आले, त्याआधीच त्यांचे थोरले भाऊ बाबाराव तिथं कोलू ओढत होते, आणि नाशिकच्या खटल्यातले वामनराव जोशीही तिथंच होते. बंगालच्या आणि पंजाबच्या नावांची लांबच लांब यादी आपल्यापैकी कितीजण वाचतात? आमच्या सहलीतले बहुतेक सावरकरांच्या कोठडीसमोर फोटो काढून खाली उतरले, कारण गाडी सुटायची होती.

रॉस बेटाचंही तेच. इंग्रजांची राजधानी होती ती, आता भिंतींवर वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी अशी मुळं पसरलीत की चर्चची भिंत कुठली आणि मूळ कुठलं ते कळत नाही. तिथं विकायला फारसं काही नाही, म्हणून तासाभरात बोटीवर परत बोलावतात. नॉर्थ बेवर मात्र तीन तास.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. सहल कंपन्यांनी बाराटांग ऐच्छिक करावं, न जाणाऱ्याला त्याचे पैसे परत द्यावेत आणि पत्रकातून जारवांचं नाव काढून टाकावं. आपणही अशी ओळ असलेली जाहिरात छापू नये. आणि पुढची पर्यटन पुरवणी काढाल तेव्हा प्रत्येक ठिकाणापुढं दोन आकडे द्या: जायला-यायला किती तास, आणि तिथं उभं राहायला किती. बाराटांगपुढचे आकडे बघून वाचक आपलं आपण ठरवतील.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, कऱ्हाड