घरी येण्याची वेळ विचारणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानू लागले की आपण लगेच पाऊसपाण्याचा विषय काढता, म्हणून हे पत्र चारचौघांच्या देखत लिहीत आहे.

आपली भेट होण्यापूर्वी मी घरी फुलांची वेल लावण्यासाठी रोपे विकणाऱ्यांचे उंबरठे पुष्कळ झिजवले होते. माझे बोलणे पुरते ऐकण्याआधीच खताची पिशवी पुढे सरकवली जाई. नत्र जास्त झाले की वेल पानांनी माजते आणि फुले धरत नाही, एवढे तरी त्या मंडळींना ठाऊक असणारच. पण पिशवी खपायला हवी होती. एका महाशयांनी तर वेळ नसेल तर प्लास्टिकची फुले लावा, असा सल्ला दिला.

आपण मात्र आमच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीत, बसून, वेलीकडे मान वळवण्याआधीच, "पणजीहून घरी किती वाजता पोचतेस गो?" असे विचारलेत. काका, तो प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही. सकाळी लवकर बस धरून दिवेलागणीला म्हार्दोळला उतरणाऱ्या माझ्यासारखीच्या वाट्याला दिवसाची फुले येतातच कुठे? मी परतेपर्यंत जास्वंद मिटू लागलेली असे. दिवसा फुलणारी झाडे लावा, असा सगळ्यांचाच आग्रह होता, पण ती पाहायला दिवसा घरात कोणी नसते, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

पुढचे सारे आपण दाब कलमापासून मांडवापर्यंत सहज उरकलेत, त्याचा तपशील इथे देत नाही. आता अंधार पडू लागला की चांदवेलीची पिळदार कळी उलगडते आणि सकाळच्या उन्हात मिटण्यापूर्वीचे तिचे सगळे आयुष्य माझ्या मोकळ्या वेळातच जाते. मधुमालती तर रात्री पांढरी उमलून पुढे गुलाबी आणि मग लाल होत जाते, त्यामुळे एखादी संध्याकाळ हुकली तरी ते फूल रंग बदलून भेटतेच. म्हाळसेच्या देवळातील जायांच्या पूजेला वाहिलेल्या कळ्या रात्री उमलतात, हे मी लहानपणापासून पाहत आले. तीच जाई नोकरदार माणसाच्या सोयीची आहे, हे मात्र आपण दाखवून दिलेत. लांब सोंडेचे पतंगही आता नेमाने येतात. (डासही येतात, त्याविषयी आपण मौन पाळले होते.)

मदत करणारे तसे भेटतात; पण बहुतेक जण आपल्यापाशी जे असेल तेच दुसऱ्याच्या ओंजळीत घालतात. समोरच्याचा दिवस कसा जातो, याची आधी चौकशी करणारा सज्जनपणा मला फार थोड्या ठिकाणी दिसला, आणि त्यात शिकल्यासवरल्याचा काही संबंध आढळला नाही.

एक विचारायचे होते. रात्रपाळीला जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीला वेल लावायची आहे, पण ती घरी पहाटे पोचते. तिच्यासाठी काय योग्य ठरेल, ते आपण येत्या रविवारी सांगाल का? चहा आमच्याकडेच घ्यावा.

आपली,
वरल्या वाड्यावरची शेजारीण