कानबाईच्या गाण्यांची आठवण

मंडळींनो, नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी आपल्या खानदेशची कानबाई देवी बसते. त्याआधीच्या शनिवारी संध्याकाळी ५ वाजता तिच्या गाण्यांसाठी मंदिराच्या ओट्यावर जमायचं आहे. आजी-आजोबांना नातवंडांसोबतच आणा, एकेकटं नको.

कानबाईच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू घेताना माझी आजी माझी मूठ स्वतःच्या मुठीत धरायची आणि घरातल्या एकेकाचं नाव घेत मोजायची. ती जाऊन बरीच वर्षं झाली, पण गव्हाला हात लागला की अजूनही नावं त्याच क्रमाने तोंडात येतात. आपली अहिराणी बोलीही मी तिच्याच ओव्यांतून शिकले, शाळेत नाही.

पुण्या-सुरतेहून येणाऱ्या लेकरांशी त्या दिवशी अहिराणीतच बोला. गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करूच, पण आधी पोरांना आजीच्या मांडीशी बसू द्या. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत नावं कळवा.