हंगामी अंदाजाचा अर्थही छापावा

माननीय संपादक महोदय,

एप्रिलच्या मध्यावर हवामान विभाग मोसमी पावसाचा पहिला अंदाज देतो आणि ‘सरासरीच्या इतके टक्के’ हा एकच आकडा मथळ्यात झळकतो. तो आकडा संपूर्ण देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चारही महिन्यांचा असतो. १९७१ ते २०२० या काळातील ८७ सेंटिमीटर ही त्याची सरासरी. नागपूर जिल्ह्यात पाऊस कोणत्या आठवड्यात दडी मारेल, हे त्यातून कळत नाही, आणि दुबार पेरणीच्या धास्तीने कपाशी-सोयाबीन पेरणाऱ्याला नेमके तेच हवे असते. विदर्भातील पाऊस बंगालच्या उपसागरातून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या क्षेत्रांवर बराच अवलंबून असतो, ती कधी येतील हे महिनोन्‌महिने आधी सांगता येत नाही.

एल निनोचाही, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापण्याचाही, धसका सरसकट घेतला जातो; त्याने आपला पाऊस घटतोच असे मानले जाते. १९९७ मध्ये तो अतिशय तीव्र असूनही देशात सरासरीहून किंचित अधिक पाऊस झाला. तशाच तीव्र एल निनोच्या २०१५ मध्ये मात्र १४ टक्के तूट पडली.

आपल्या दैनिकाने मेअखेरच्या सुधारित अंदाजासोबत विदर्भाचा शक्यतादर्शक नकाशा आणि हवामान विभाग दर गुरुवारी देत असलेला पुढील काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज सोप्या मराठीत छापावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर