सर, तुम्ही तिच्यासोबत पेपर लिहायला बसलात

सादर नमस्कार सर,

एसएसएलसीचा, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल लागला आणि आमची पोर पहिल्याच परीक्षेत गणितात सुटली. पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायची पाळी आली नाही. पेढे घेऊन तुमच्या दारात आले तेव्हा घसा दाटून आला, धड बोलताच आलं नाही. म्हणून हे लिहितेय, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहितेय.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही बेळगावातल्या एका क्लासला वर्षाची फी एकरकमी भरली होती. प्रिपरेटरीत, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेत, ती नापास झाली तशी तिथं तिला मागच्या बाकावर बसवलं. ‘पाया कच्चा आहे, हिचं काही खरं नाही,’ असं तिच्या तोंडावर सांगितलं. पण तिचा पेपर उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. तुम्ही तो हातात घेतलात, मागून एकेक पान उलटत गेलात आणि म्हणालात, ‘हिला येतंय की ओ. मग शेवटची पानं कोरी कशी?’

तिथंच सगळं कळलं. एक गणित अडलं की ती तिथंच रुतून बसायची. वेळ निघून जायचा आणि पुढचं येत असलेलंही राहायचं. सोडून पुढं जाणं म्हणजे हरणं, असं तिच्या डोक्यात बसलं होतं.

सर, त्या रविवारी तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. जुन्या पेपरची एक प्रत तिच्यापुढं ठेवलीत, दुसरी स्वतःपुढं. टेबलावर घड्याळ ठेवलंत आणि तिच्यासमोर बसून तुम्हीही पेपर लिहायला लागलात. इतकी वर्षं गणित शिकवलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा पट्टीनं समास आखून! मी दारात बसून बघत होते. मध्येच तुम्ही पेन थांबवलंत, एक प्रश्न तसाच ठेवलात, अर्धं पान मोकळं सोडलंत आणि तिच्याकडे बघून म्हणालात, ‘हे मला आत्ता सुचंना बघ. बिड, सोड ते, पुढं जाऊया.’ तिनं मान वर करून तुमच्या वहीतल्या त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग तिनंही आपलं अडलेलं गणित सोडलं आणि पान उलटलं. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा शेवटच्या प्रश्नापर्यंत पेपर लिहिला.

बाकीचं तुम्ही सांगितलेलं तिला तोंडपाठ आहे. पहिली पंधरा मिनिटं पेपर वाचायलाच दिलेली असतात, त्यात येणारे प्रश्न हेरून ठेवायचे. पेपर 80 मार्कांचा, वेळ तीन तास. एका मार्काला दोन मिनिटं धरली तर 160 मिनिटं होतात आणि तपासायला वीस उरतात. म्हणजे तीन मार्कांच्या गणिताला सहा मिनिटं, त्यापलीकडे नाही. पर्यायाच्या प्रश्नात नुसतं अक्षर लिहून भागत नाही, अक्षरासोबत पूर्ण उत्तर लिहायचं. चुकलं म्हणून मार्क कापत नाहीत, तेव्हा पर्याय कोरा ठेवायचाच नाही. प्रमेय आणि आलेख डोकं ताजं असताना उरकायचे. हे सगळं क्लासवाल्यांनाही ठाऊक असणारच. वर्षभरात एकदाही त्यांनी ते तिला सांगितलं नाही, याचा मला अजून राग आहे.

तुमची सगळी नोकरी कन्नड शाळेत गेली. आमची पोर मराठी माध्यमाची, म्हणून तुम्ही तिचं पुस्तक ठेवून घेतलंत आणि मराठी शब्द वहीत उतरवून काढलेत, शिकवताना अडायला नको म्हणून. भाषेवरून आपल्या भागात काय काय होतं ते आपण सगळे बघतोच. तुमच्या घरात तो विषय कधी निघाला नाही. अक्कांनी तिला दर वेळी जेवू घालूनच पाठवलं, जांबोटीकडची बस चुकली तर उपाशी राहील म्हणून. पैशाचं विचारलं तर तुम्ही रागावलात. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांची पोरं शिकतात. फीचे मोठाले बोर्ड लावणाऱ्यांनी एकदा तुमच्या सोप्यात येऊन बसावं.

लेकीनं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घ्यायचं ठरवलंय. अर्ज भरायच्या आधी तुम्हाला विचारायचं म्हणते, म्हणून या रविवारी आम्ही दोघी येतोय. आणि आमच्या गल्लीतल्या दोन पोरी यंदा दहावीला आहेत, त्यांना सोबत आणू का, तेवढं कळवा.

तुमची,
एका विद्यार्थिनीची आई
खानापूर तालुका