सवाईची रात्र गेली ती गेली, पण पहाट कुणी अडवलीये?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सवाई गंधर्व महोत्सवावरचा लेख वाचला, फोटो छान होते, पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून हे लिहितेय. पहिली छोटी आहे. महोत्सव 1952 ला सुरू झाला असं छापलंय ते चूक आहे. 1952 च्या सप्टेंबरमध्ये सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर गेले, आणि त्यांचे शिष्य भीमसेनजी जोशी यांनी गुरूच्या आठवणीसाठी पुण्यात शास्त्रीय गाणं ठेवायला सुरुवात केली ती 1953 पासून. दुसरी गोष्ट मोठी आहे. लेखाचा सगळा सूर असा की कोर्टानं रात्रभराचं सवाई मारलं, आता काय राहिलं, संपलं सगळं. हे वाक्य मी गेली कितीतरी वर्षं दर डिसेंबरला कुठे ना कुठे वाचते आणि खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय.

रात्रभराचं सवाई मी पाहिलंय. ठाण्याच्या वंदना स्टँडवरनं एसटी पकडायची, तेव्हा एक्स्प्रेसवे नव्हता, जुन्या घाटानं कुथत कुथत जायची गाडी, स्वारगेटला उतरून रिक्षानं रमणबाग, तिथल्या मैदानावर तेव्हा सवाई भरायचं. बाबांच्या खांद्यावर सतरंजी, माझ्याकडे रग आणि थर्मास, आईनं बळंच दिलेल्या कानटोप्या ज्या मी एसटीत असताना घालायची नाही आणि रात्री दोनला गुपचूप घालायची. भारतीय बैठकीत जागा पकडली की ती सोडायची नाही हा बाबांचा नियम, त्यामुळे चहाला एकानं जायचं, दुसऱ्यानं सतरंजी सांभाळायची. लोक झोपायचे हो मांडवात! पाय पोटाशी घेऊन शाल तोंडावर ओढून चक्क झोपायचे आणि आपला गवई आला की कुणीतरी ढोसून उठवायचं. त्यात कुणाला अपमान वाटायचा नाही. मलाही एकदा डोळा लागला आणि जाग आली ती ललत या पहाटेच्या रागाच्या दोन मध्यमांनी, काही क्षण कळेचना आपण कुठे आहोत, मांडवाबाहेर अजून काळोख, थंडीनं बोटं आखडलेली आणि तो सूर. कोण गात होतं ते सांगत नाही, कारण बाबांनी आणि मी नंतर दोन वेगळी नावं सांगितली आणि बाबा असेपर्यंत आमचं त्यावर एकमत झालं नाही :)

तर रात्र गेल्याचं दुःख मला कुणी शिकवू नये. पण ती का गेली हे तरी नीट लिहा की. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले 2000 साली, त्यात रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर नाही. सुप्रीम कोर्टानं त्यावर पक्कं शिक्कामोर्तब केलं 2005 ला. आणि ते प्रकरण कोर्टात गेलं कशावरनं माहितीये का, एका 13 वर्षांच्या मुलीवर अत्याचार होत होता आणि शेजारच्या लाउडस्पीकरच्या दणदणाटात तिचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. निकालपत्रातच आहे हे. हे वाचल्यापासून मला 'कोर्टानं आमचा मालकंस (हा उत्तररात्रीचा राग) हिरावला' असं म्हणायची लाज वाटते. आणि आपण ठाणेकर तर बोलूच नये! दहीहंडीला, विसर्जनाला भिंती थरथरवणारे डीजे आपणच सोसतो आणि आपलीच पोरं त्यापुढे नाचतात, येऊरला शनिवारी रात्री काय चालतं ते वेगळं सांगायला नको. त्या सगळ्यासाठी केलेल्या नियमात तंबोराही सापडला, इतकंच.

नियमात एक सवलत आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणसमारंभांसाठी वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार 10 च्या जागी रात्री 12 पर्यंत परवानगी देऊ शकतं. सवाईचा शनिवार 12 पर्यंत चालतो तो याच्यावर. पण 12 च्या पुढे उघड्यावर नाही म्हणजे नाही. बंद हॉलला ही अट तशी लागू नाही, पण सवाई हॉलमध्ये मावणार का, आणि मावलं तरी ते सवाई राहील का.

आता माझा खरा मुद्दा. बंदी सकाळी 6 ला संपते. बरोबर? आणि महोत्सव असतो डिसेंबरच्या मध्यात. तेव्हा पुण्यात सूर्य उगवतो सातच्या आसपास. म्हणजे 6 ते 7 हा पूर्ण एक तास कायद्यानं दिवस आहे आणि आकाशात अजून पहाट आहे! मे महिन्यात हे जमलं नसतं, तेव्हा सहाला उजाडलेलं असतं. प्रत्येक रागाची गायची वेळ ठरलेली असते, आणि डिसेंबरमध्ये ललत, भटियार हे पहाटेचे राग आपल्या हक्काच्या वेळेला, बिनापरवानगीचं काही न करता गाता येईल, उजाडता उजाडता भैरव येईल आणि उन्हं वर आली की तोडी. मध्यरात्रीचा दरबारी गेला, मान्य, तीनचा मालकंस गेला, मान्य. पण पहाट कुठे गेलीये, ती आपणच सोडून दिली. आजकाल सवाईला दुपारी-संध्याकाळी मंडळी जमतात म्हणजे आपल्या वाट्याला येतात भीमपलास, मुलतानी, पुरिया, मारवा, यमन, फार तर शनिवारी बागेश्री नि मालकंस. सुंदरच आहेत, पण कित्येक राग असे झालेत की तरुण श्रोत्यानं ते फक्त मोबाइलवर दुपारी बसमध्ये ऐकलेत. माझ्या भाचीनं मला विचारलं, मावशी ललत उदास राग आहे का गं? आता तिनं तो ऐकलाय घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये, उदास वाटणारच.

आयोजकांची अडचण मला कळते. शनिवारी 12 ला संपवून कार्यकर्त्यांनी परत सहाला यायचं म्हणजे त्यांना झोप कधी, साउंडवाले, तिकिटं, पार्किंग, सगळंच. म्हणून रोज नको, शेवटच्या दिवशी एकदाच ठेवा, 6 ते 9, दोनच कलाकार, आणि हवं तर त्या वर्षी शनिवार 10 लाच संपवा. शिवाय हे काही नवीन खूळ नाही. भीमसेनजी शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या मागून गायला बसायचे ते पहाटेच, नंतर कितीतरी वर्षं सांगता प्रभाताई अत्रे करत होत्या, आणि त्यानंतर खुद्द सवाई गंधर्वांची भैरवीची रेकॉर्ड लावतात. भैरवी ऐकून बाहेर पडलं की समोर कोवळं ऊन असायचं. आता भैरवी ऐकून बाहेर पडलं की समोर ओला-उबरची रांग असते, रात्रीचे दहा, आणि आम्हा ठाणेकरांची परतीच्या गाडीसाठी पळापळ.

आणि बदलायचं म्हटलं की लोक लगेच 'परंपरा' म्हणून ओरडतात म्हणून सांगते, हा महोत्सव बदलतच आलाय. गुरू कुंदगोळचा, म्हणजे धारवाडकडचा, शिष्य गदगचा, गुरूला नाव मिळालं मराठी नाटकात, बालगंधर्वांपेक्षा सव्वापट म्हणून सवाई, आणि महोत्सव पुण्यात! ह्यात शुद्ध जुनं काय शोधायचं? स्वाइन फ्लूमुळे 2009 चा महोत्सव 2010 च्या जानेवारीत झाला तेव्हा आकाश कोसळलं नाही. भीमसेनजी 2011 ला गेले, मग नावात त्यांचं नाव आलं. 2018 ला रमणबाग सोडून मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला तेव्हा मीच सगळ्यात जास्त कुरकुर केली होती, शनिवारपेठेशिवाय कसलं सवाई वगैरे, आणि पहिल्याच दिवशी स्वारगेटवरनं दहा मिनिटांत पोचले आणि गप्प बसले. कोविडमध्ये दोन डिसेंबर कोरडे गेले, 2022 ला परत भरला. एवढं सगळं पचवलेल्या महोत्सवाला गजर सहाचा लावणं जड नाही.

सकाळी सहाला येणार कोण, हा प्रश्न मला घरातच विचारला गेला. त्यांना मी म्हटलं, दिवाळीच्या पहाटे ठाण्याच्या तळ्याकाठी, तलावपाळीला या. पहाट म्हटली की ठाण्यात पाय ठेवायला जागा नसते. आता त्यातली किती गर्दी गाण्यासाठी येते आणि किती नवे कपडे नि सेल्फीसाठी हा भाग सोडा, आणि गेल्या काही वर्षांत त्या पहाटेतही डीजे घुसलाय, आमच्या गल्लीत तर एका मंडळाचं साउंड चेक साडेपाचला सुरू होतं म्हणजे नियमाच्या अर्धा तास आधीच. पण थंडीत अंघोळ करून माणसं सहाला बाहेर पडतात हे तर सिद्ध झालं ना?

ह्याच धर्तीवर एक विनंती ठाणे महापालिकेलाही. पं. राम मराठ्यांच्या नावानं आपला संगीत महोत्सव होतो, ते ठाण्याचेच, चांगले कलाकार येतात. तो सभागृहात होतो, ठीक आहे, पण त्यातलं एक सत्र तरी तळ्याकाठी पहाटे करून बघा. शंभर मीटरच्या आत हॉस्पिटल, शाळा नसेल अशी जागा बघावी लागेल, ती शोधायचं काम मी फुकट करून देते, रोज सकाळी चालायला जातेच. स्पीकर दोनच पुरे, तंबोरा ऐकवायला टॉवर लागत नाहीत.

पुरवणीच्या लेखकांना एवढंच कळवा की पुढच्या वर्षी लेख लिहाल तर डिसेंबरात नको, पावसाळ्यातच लिहा, म्हणजे कार्यक्रम ठरायच्या आधी आयोजकांच्या डोळ्यांखालून जाईल. सहाचं सत्र ठेवलं तर आम्ही चौघीजणी शनिवारी रात्री पुण्यातच मुक्काम करणार आहोत, कानटोप्यांसकट.

आपली,
एक जुनी श्रोती, नौपाडा, ठाणे