एसआयपी नंतर, आधी कार्डाचं बिल बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं पैशांचं पान मी न चुकता वाचतो, पण तिथे दर वेळी एसआयपीच, म्हणजे म्युच्युअल फंडात महिन्याला पाच हजार टाका आणि वीस वर्षांनी बघा वगैरे. ज्याच्या डोक्यावर आधीच कर्ज बसलंय त्याने काय करायचं हे कोणी लिहीतच नाही, म्हणून माझंच सांगतो.

क्रेडिट कार्डाचं मी वर्षभर फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरत होतो आणि वाटायचं चला, वेळेवर जातंय, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, ठीक आहे. एक दिवस बायकोने स्टेटमेंट हातात घेतलं आणि गॅसच्या पावतीमागे हिशोब मांडला. थकबाकी 80 हजार, व्याज महिना साडेतीन टक्के म्हणजे 2,800, व्याजावर 18 टक्के जीएसटी 504, आणि मी भरलेले 4,000. मुद्दलातून गेले किती तर 696 रुपये!! त्याच महिन्यात मी त्याच कार्डावर 3 हजारांचे बूट घेतले होते. आणि मागचं बिल पूर्ण भरलं नसेल तर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू, हे मला 41व्या वर्षी कळलं. फक्त मिनिमम भरलं तर कर्ज वर्षानुवर्षं लांबेल असं स्टेटमेंटवर छापलेलं असतं, पण ते वाचतो कोण.

गंमत म्हणजे या सगळ्यात माझी दोन हजारांची एसआयपी चालू होती, शिवाय 40 हजारांची एफडी, सात टक्क्यांची, ती पण वर्षाला! दोन्ही थांबवलं आणि एफडी मोडून कार्डात भरली. सासऱ्यांना अजून पटलेलं नाही, एफडी मोडणं म्हणजे त्यांना घर मोडल्यासारखं वाटतं.

खर्चाचं म्हणाल तर ॲप-बिप काही नाही, कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितात ना, त्याच चौकटीत रोजचे यूपीआयचे आकडे लिहायला लागलो. वडापाव, कटिंग, स्टेशनवरून रिक्षा, वीस-तीस रुपयांचं स्कॅन करताना काही वाटत नाही पण पहिल्याच आठवड्यात चौकटी पुरेनात. शॉपिंग ॲपमधून सेव्ह केलेलं कार्ड काढून टाकलं, दर वेळी उठून पाकीट शोधा आणि 16 आकडे टाका म्हटलं की निम्मी खरेदी तिथेच बारगळते. नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी हप्त्यांच्या पानभर जाहिराती तुमच्याच पेपरात येतात म्हणून सांगतो, शून्य टक्के व्याज असं काही नसतंच हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलं होतं.

अजून 19 हजार बाकी आहेत, दिवाळीपर्यंत फिटतील असं धरून चाललोय. तुम्ही एवढंच करा, एखाद्या रविवारी एसआयपीचा तक्ता बाजूला ठेवून तिथे कार्डाचं एक बिल छापा आणि त्यातली एकेक ओळ साध्या मराठीत समजावून सांगा.

आपला,
एक वाचक, डोंबिवली