रात्रभर शंभर टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी लवकर थकते

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

'बॅटरी पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा आणि शंभर टक्के झाल्याशिवाय काढू नका' हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. तो निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. स्मार्टफोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीचे मात्र तो पाळल्याने नुकसानच होते, म्हणून हे पत्र.

चार्जिंग होताना लिथियमचे आयन धनाग्रातून निघून ग्रॅफाइटच्या ऋणाग्रात शिरतात. बॅटरी भरत जाते तसे व्होल्टेज चढते. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये ते 4.2, तर अलीकडच्या अनेक फोनमध्ये 4.4 व्होल्टच्या आसपास असते. एवढ्या व्होल्टेजला आतल्या द्रावणाचे विघटन वाढते, त्यातून ग्रॅफाइटवर बसलेला थर हळूहळू जाड होतो आणि त्यात काही लिथियम कायमचे अडकून पडते. तेवढी क्षमता परत मिळत नाही. फोन तापलेला असेल तर हे सगळे आणखी वेगाने घडते. भरलेली बॅटरी आणि उष्णता एकत्र येणे सर्वांत वाईट, आणि उशीखाली रात्रभर चार्जिंगला ठेवलेल्या फोनचे नेमके तेच होते.

शंभर टक्के झाल्यावर फोन चार्जिंग थांबवतो हे खरे. पण पुढचे पाच-सहा तास बॅटरी त्या चढ्या व्होल्टेजलाच राहते. त्यामुळे 20-30 टक्क्यांवर फोन लावावा, 80च्या आसपास काढावा. बहुतेक नव्या फोनच्या सेटिंग्जमध्ये, बॅटरीच्या विभागात, 80 टक्क्यांची मर्यादा घालण्याची सोय असते. ती एकदा चालू केली की लक्ष ठेवायची गरज उरत नाही. प्रवासाला जायचे असेल तर निघण्याआधी खुशाल शंभर टक्के करावे. बॅटरी लगेच वापरात येते, त्यामुळे फारसे बिघडत नाही.

थोडे थोडे चार्ज केल्याने 'सायकल', म्हणजे बॅटरीची पूर्ण क्षमता एकदा वापरून होण्याचे फेरे, वाया जातात, हाही गैरसमजच. आज 50 टक्के आणि उद्या 50 टक्के वापर झाला तर दोन्ही मिळून एकच सायकल धरली जाते.

रात्री घाई नसते, तेव्हा फास्ट चार्जिंग बंद करावे किंवा 5 वॉटचा साधा चार्जर वापरावा. 5000 एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण 19 वॉट-तास. 30 वरून 80 टक्क्यांवर न्यायला त्यातले साडेनऊ लागतात, म्हणजे वाया जाणारी ऊर्जा धरून दोन-अडीच तास पुरतात. चार्जिंग चालू असताना गेम किंवा व्हिडिओ कॉल टाळावा, जाड कव्हर काढावे, फोन गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा. वायरलेस चार्जिंगमध्ये फोन पॅडवर थोडा जरी सरकला तरी उष्णता वाढते. हाताला चटका जाणवला तर चार्जर काढून फोन सावलीत ठेवावा. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, आत दव धरते. शून्य अंशाखालच्या थंडीत चार्जिंग करूच नये, कारण तेव्हा आयन ग्रॅफाइटमध्ये शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातू म्हणून साचतात.

जुना फोन ठेवून द्यायचा असेल तर बॅटरी निम्मी भरून, फोन बंद करून ठेवावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यावर आणावा. शून्यावर महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी इतकी खोल उतरते की तिचे संरक्षक सर्किट पुढे चार्जच घेऊ देत नाही. टक्केवारी भलतीच दिसू लागली, 20 टक्क्यांवरच फोन बंद पडू लागला, तर एकदा पूर्ण उतरवून सलग शंभरपर्यंत चार्ज करून पाहावे. त्याने फक्त मोजणी ताळ्यावर येते. तरीही फोन बंद पडत राहिला तर बॅटरी बदलायची वेळ झाली असे समजावे.

मागचे झाकण किंवा स्क्रीन उचलल्यासारखी दिसली तर आत वायू साठून बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी चार्जिंग बंद करावे, दाबून बसवायचा प्रयत्न करू नये, टोचू तर मुळीच नये. फोन दुरुस्ती केंद्रात किंवा ई-कचरा संकलनात द्यावा, घरच्या कचऱ्यात नाही.

युरोपीय संघात 20 जून 2025 पासून विक्रीस येणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी 800 सायकलनंतर किमान 80 टक्के क्षमता राखणारी असावी, असा नियम आहे. कंपन्यांनी आणखी एक करावे. 80 टक्क्यांची मर्यादा सेटिंग्जच्या तळाशी दडवून न ठेवता, नवा फोन पहिल्यांदा सुरू होतानाच ती हवी का, हे ग्राहकाला स्पष्ट विचारावे.

कळावे,
एक वाचक